सत्तावीस अंशांची तक्रार

साळुंकीनं भिंतीसमोर उभं राहून हळूच घसा साफ केला आणि म्हणाली, "तापमान चोवीस अंश कर."

तिनं एकाच यंत्राला सांगितलं होतं. उत्तर मात्र बारा जणांनी दिलं.

भिंतीवर ओळीनं मांडलेल्या बाराच्या बारा स्मार्ट थर्मोस्टॅटच्या काचा एकदम उजळल्या आणि बारा निरनिराळ्या सुरांत एकामागून एक "ठीक आहे, चोवीस अंश" असा गजर झाला. दुकानातली गिऱ्हाइकं माना वळवून पाहायला लागली. साळुंकीचे कान तापले. ती घाईघाईनं "नको, राहू दे" असं पुटपुटली, तर त्यांतल्या तिघांनी "समजलं नाही, पुन्हा सांगा" म्हणून तिलाच उलट विचारलं.

तेवढ्यात मागून कुणीतरी हसलं... अगदी दबकं, पण मनापासून.

मागे शिडीवर एक तरुण बसला होता. लोकरीची टोपी, कानामागे पेन्सिल, हातात पाना. तो खाली उतरला, हात पुसले आणि गंभीर चेहऱ्यानं सांगायला लागला की यातली अकरा यंत्रं नुसती दाखवायची आहेत, पण डावीकडून तिसरं खरं आहे, दुकानाच्या हीटिंगला जोडलेलं. तेव्हा आता दहा मिनिटांत सगळ्यांनी स्वेटर काढायची तयारी ठेवावी.

"सहा महिने झाले, दुकानातला प्रत्येकजण त्याच्याशी बोलतोय," तो म्हणाला. "कुणाला दाद देत नाही. तुमचं मात्र पहिल्या हाकेला ऐकलं."

"मी पोटापाण्यासाठी बोलते," साळुंकी म्हणाली. आणि आपण हे काय बोलून गेलो, असं वाटून तिला हसू आलं.

ते खरंच होतं मात्र. ती बोलती पुस्तकं करायची. लोक प्रवासात, स्वयंपाक करताना, अंथरुणावर पडल्या पडल्या कानाला लावून ऐकतात ना, ती. लहानपणी तिच्या तोंडाला खीळ नसायची, म्हणून आत्यानं तिचं नाव ठेवलं साळुंकी, आणि खरं नाव कागदोपत्रीच राहिलं. आता एकोणतिसाव्या वर्षी त्याच तोंडावर ती चार पैसे मिळवत होती. जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीला आतून जुन्या रजया ठोकून तिनं स्टुडिओ केला होता. सध्या तिच्याकडे एक जाडजूड कादंबरी होती, सगळी मिळून बावीस तासांची, आणि महिन्याअखेर ती द्यायची होती. अडचण एकच. घरातला बॉयलर. नायिका हळव्या आवाजात काहीतरी सांगायला जायची आणि नेमका त्याच क्षणी भिंतीपलीकडे 'धप्प' असा आवाज व्हायचा. मग पुन्हा पहिल्यापासून.

ऐन थंडीत हीटिंग बंद ठेवून काम करून पाहिलं, तर दात वाजलेले ऐकू यायला लागले. शेवटी ती या दुकानात आली होती.

दुकानाच्या विक्रेत्यानं तोवर तिला गाठलंच. त्यानं भिंतीवरचं सर्वांत महागडं, सोनेरी कड्याचं यंत्र दाखवलं. हे म्हणे आपोआप शिकतं. घरातली माणसं केव्हा उठतात, केव्हा बाहेर जातात, कुणाला किती ऊब लागते, सगळं आठवडाभरात ओळखतं. साळुंकी भुललीच होती. पण टोपीवाला शिडी मिटता मिटता सहज म्हणून चौकशी करायला लागला. घरी माणसं किती? जुना थर्मोस्टॅट कुठल्या भिंतीवर आहे? त्याच्या मागे तारा किती? आणि त्याला हात कोण कोण लावतं?

शेवटच्या प्रश्नावर साळुंकीनं उसासा सोडला आणि बाबांची नि आत्याची गोष्ट सांगितली. बाबांनी जन्मभर बस-डेपोत वेळापत्रकं केली. सुटीच्या दिवशीही चहा सहा वाजून वीस मिनिटांनी प्यायचा माणूस. त्यांच्या मते शहाण्या घराला एकोणीस अंश पुरतात. आत्या त्यांची थोरली बहीण. साळुंकीची आई गेल्यावर घर सांभाळायला म्हणून आली ती राहिलीच. तिच्या मते एकोणीस अंशांत फक्त भाजी ठेवतात. तिला तेवीस लागायचे. ती बटण फिरवायची, बाबा परत फिरवायचे. बाबांनी एकदा बटणावर चिकटपट्टी लावली, आत्यानं ती काढून त्यांच्याच चष्म्याच्या डबीला लावली. गेली बारा वर्षं हे चाललं होतं.

तो नीट ऐकून घेत होता. मग म्हणाला, "शिकणारं यंत्र आहे हे खरं. पण तुमच्या घरात ते शिकेल काय? भांडण."

विक्रेत्यानं त्याच्याकडे खाऊ का गिळू असं पाहिलं. साळुंकी मात्र इतकी हसली की पिशवी हातातून सुटली. त्यानं ती उचलून दिली आणि म्हणाला, की आज काही घेऊ नका, आधी भिंत बघितली पाहिजे. उद्या सकाळी येऊ का?

दुकानाबाहेर पडल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण 'हो' फार लवकर म्हणालो.

*

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा आत्या ओव्हनमध्ये केक भाजत होती आणि बाबा पुढच्या खोलीत खिडकी उघडून बसले होते. त्यानं बोलणं वाढवलंच नाही. खिशातून सहा छोटे तापमापक काढले, प्रत्येक खोलीत एकेक ठेवला आणि अर्धा तास थांबायचं म्हणाला. त्या अर्ध्या तासात आत्यानं त्याची कुंडली काढायची म्हणून जे जे विचारायचं ते विचारून घेतलं. घरी आई, धाकटी बहीण लग्न होऊन गेलेली, स्वतःचं अजून नाही. साळुंकी कप विसळत होती. 'अजून नाही' हे शब्द तिच्या कानांनी बरोबर टिपले आणि एक कप दोनदा विसळला गेला.

अर्ध्या तासानं त्यानं आकडे कागदावर मांडले आणि सगळ्यांना मधल्या बोळात बोलावलं. जुना थर्मोस्टॅट तिथल्या भिंतीवर होता, आणि त्या भिंतीच्या पलीकडे होता ओव्हन. त्यानं आत्याचा हात धरून भिंतीला लावला. भिंत कोमट होती. म्हणजे आत्या काही भाजायला लागली की या बिचाऱ्याला वाटायचं, घरात उन्हाळा आला, आणि तो बॉयलर बंद करायचा. बाबांच्या पुढच्या खोलीत दिवसभर ऊन, तिथे आत्ता तेवीस. आत्याच्या मागच्या खोलीला ऊन माहीतच नाही, तिथे सोळा. आत्या कुडकुडून बटण वाढवायची, बाबांची खोली भट्टी व्हायची, ते खिडकी उघडायचे, आणि विकत घेतलेली ऊब रस्त्यावर जायची.

"तुमचं दोघांचंही बरोबर होतं," तो म्हणाला. "भिंत चुकीची होती."

बाबांनी आत्याकडे पाहिलं, आत्यानं बाबांकडे. बारा वर्षांचं भांडण एका माणसानं अर्ध्या तासात पोरकं करून टाकलं होतं. आत्या आत गेली आणि त्याच्यासाठी केकचा कडेचा, जास्त खरपूस तुकडा घेऊन आली. तो तुकडा ती एरवी कुणाला देत नसे.

मग सगळे टेबलाभोवती बसले आणि निवड सुरू झाली. त्या तासाभरात साळुंकीला उगाचच सणासारखं वाटत राहिलं. सोनेरी कड्याचं यंत्र बाद झालं, कारण त्याला एक जादा तार लागायची आणि तेवढ्यासाठी भिंत फोडावी लागली असती. आवाजावर चालणारं बाद झालं, कारण साळुंकी आत कादंबरी वाचणार आणि ते बाहेर तिची आज्ञा पाळणार. 'थंडगार नजरेनं' म्हटलं की घर गार. हे तिनं स्वतःच सुचवलं आणि तो असा हसला की केकचा कण घशात अडकला. शेवटी ठरलं ते मधल्या किमतीचं, साधं दिसणारं, बिनतारी. बोळातून काढून ते बैठकीच्या आतल्या भिंतीवर लावायचं, आणि प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरला ऊब कमीजास्त करणारी स्वतःची छोटी इलेक्ट्रॉनिक चावी बसवायची. आत्याची खोली बावीस, बाबांची एकोणीस, कुणाचं कुणाला काही नाही. जिथे माणूस नाही तिथे ऊब नाही. आणि फोनवर एक 'शांत वेळ'. साळुंकी कामाला बसली की दोन तास बॉयलर गप्प.

बाबांनी विचारलं की यानं वाचेल किती. तो म्हणाला, आकडा मी आधी सांगणार नाही, तुम्हीच मोजा. बाबा त्याच्याकडे बघतच राहिले. या घरात आजवर कुणी त्यांना 'मोजा' असं आपणहून म्हटलं नव्हतं.

*

सोमवारी तो यंत्रं बसवायला आला. साळुंकी जिन्याखाली शिरली होती. तिला वाटलं तो बॉयलरच्या खोलीत आहे. त्याला वाटलं तिचं काम संपलंय. तो बोळातल्या रेडिएटरपाशी उकिडवा बसला, आणि तेवढ्यात तिच्या दारावरचा लाल दिवा लागला. ध्वनिमुद्रण सुरू.

तो होता तसाच थिजला. एका हातात स्क्रू, दुसऱ्यात स्क्रूड्रायव्हर. दाराला वहीएवढी काच होती. त्या काचेतून साळुंकीला तो दिसत होता, आणि त्याला ती.

प्रसंग नेमका कसला, तर नायिका नायकाला सांगते की तू पुन्हा इथे येऊ नकोस, आणि मनातून मात्र तो यावा म्हणून तळमळते. साळुंकीनं असे प्रसंग पन्नास वेळा वाचले होते. आज पहिल्यांदाच आवाज कुठे ठेवावा ते तिला कळेना. "येऊ नकोस," ती वाचत होती, आणि काचेपलीकडे एक माणूस श्वास रोखून, पाय बधिर होऊ देत, तिच्यासाठी पुतळा झाला होता... त्याच्या टोपीतून निसटलेली केसांची एक बट त्याच्या डोळ्यांवर आली होती. ती बाजूला करायलाही त्यानं हात हलवला नाही. जवळजवळ वीस मिनिटं.

दिवा विझला तसा तो धपकन बसकण मारून बसला आणि पाय चोळायला लागला. ती बाहेर आली, माफी मागायला लागली. तो म्हणाला की माफी कसली, फुकट पुस्तक ऐकायला मिळालं. मग त्यानं खाली बघत विचारलं, "तो... परत येतो का पुढे?"

"ते ऐकायला पुस्तक विकत घ्यावं लागेल," ती म्हणाली.

ते वीस मिनिटांचं ध्वनिमुद्रण तिनं संध्याकाळी ऐकलं. तिच्या आजवरच्या कामात त्याच्या तोडीचं काही नव्हतं. एकही शब्द बदलायची गरज नव्हती. तिनं हेडफोन काढले. छातीत काहीतरी इतकं धडधडत होतं की माइक चालू असता तर तेही आलं असतं त्यात.

*

जुळवणीसाठी दोन आठवडे. दुकानाचा नियमच होता. तेवढे दिवस त्याला दुकानातून या घराची तापमानं दिसणार, काही बिनसलं तर तो बघणार, आणि चौदाव्या दिवशी सगळा ताबा घरच्यांकडे देऊन तो मोकळा.

पहिले तीन दिवस घर कसं दृष्ट लागण्यासारखं होतं. आत्यानं अंगावरची शाल काढली. बाबांनी चौकोन आखून तक्ता केला आणि जाहीर केलं की बॉयलर रोज पावणेतीन तास कमी चालतोय. साळुंकीची पानामागून पानं पुरी होत होती, एक 'धप्प' नाही. सगळं इतकं सुरळीत होतं की तिला उगाच रुखरुख लागली.

आणि चौथ्या दिवशी मागच्या खोलीत एकाएकी सत्तावीस अंश झाले.

आत्या पदरानं वारा घेत बाहेर आली आणि म्हणाली, बोलाव बाई त्या ऊबवाल्याला. आत्यानं त्याचं नाव तेच ठेवलं होतं. साळुंकीनं फोन केला. तो तासाभरात सायकलवर आला, चावी तपासली, म्हणाला आता ठीक आहे. मग चहा झाला. त्याला फाटकापर्यंत सोडायला म्हणून ती गेली, आणि फाटकाशी अर्धा तास गेला. कशावर बोलत होते ते विचारलं असतं तर दोघांनाही सांगता आलं नसतं.

आठव्या दिवशी बाबांची खोली बारा अंशांवर आली. अकराव्या दिवशी पुन्हा मागच्या खोलीत सत्तावीस. साळुंकीला खरं तर काळजी वाटायला हवी होती. पण तो येणार म्हटलं की तिच्या पायांत वारं शिरायचं. ती निळा स्वेटर चढवायची, काढायची, पुन्हा तोच चढवायची. त्यानंही तिसऱ्या खेपेला टोपी घातली नव्हती. केस विंचरले होते, आणि ते त्याला मुळीच शोभत नव्हते. तिनं तसं सांगितलं. त्यानं तिथल्या तिथे हात फिरवून विस्कटून टाकले आणि विचारलं, "आता?"

"आता ओळखीचे दिसता," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिला सुचलंच नाही. दिवसभर वाक्यं बोलून पोट भरणाऱ्या बाईला!

चौदावा दिवस उजाडला. तो ताबा द्यायला आला तेव्हा बाबा आणि आत्या नेमके बाजारात गेले होते. त्यानं टेबलावर लॅपटॉप उघडला आणि तिला यंत्राची नोंद दाखवली. त्यात सगळं आपोआप टिपलं जायचं: केव्हा किती अंश, आणि बदल कुणी केला, यंत्रानं की माणसानं. तिन्ही बिघाडांपुढे एकच शब्द होता. 'हाताने'. वेळही तीच, दुपारी तीन दहा.

"तुम्ही तीनला चहाची सुट्टी घेता ना?" तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत हसू होतं, आणि बोलताना तो थोडा अडखळला. "म्हणजे... मला आवडलंच. पण त्यासाठी यंत्राला कशाला त्रास? नुसतं ये म्हणालात तरी..."

साळुंकीच्या अंगावर जणू कुणी गार पाणी ओतलं. तिनं हात लावला नव्हता. 'शांत वेळ' मिळाल्यापासून ती तीनची सुट्टीही घेत नव्हती. पण खरी बोच निराळीच होती. जे मनात होतं ते हा माणूस पडद्यावर आकडे लावून वाचून दाखवत होता, आणि न केलेल्या गोष्टीच्या पुराव्यानं.

"तुम्ही यावं म्हणून मी घरातली यंत्रं बिघडवते, असं वाटतं तुम्हाला?" ती म्हणाली. आवाज तिच्या हुकमतीतला होता. तिनं तो बर्फासारखा केला. "ताबा देऊन टाका. नियम आहे ना."

त्याचं हसू मावळलं. कान लाल झाले. चुकलं माझं, एवढंच तो म्हणाला. पासवर्ड कागदावर लिहिला, स्वतःचं नाव यादीतून काढून टाकलं आणि लॅपटॉप मिटला. फाटक लावल्याचा आवाज आला... तो इतका हळू होता की तिला तोच जास्त लागला.

*

आत्या पिशव्या घेऊन आली ती दारातूनच विचारत, गेला का गं तो, जेवायला थांबवायचं होतं. साळुंकीनं तुटक शब्दांत काय झालं ते सांगितलं. सांगता सांगता तिच्या ध्यानात आलं की आत्या पिशवीतले बटाटे फारच मन लावून टोपलीत ठेवतेय, आणि बाबा कोट काढायचा विसरलेत.

"आत्या," ती म्हणाली, "मागच्या खोलीतली चावी..."

"एकदाच!" आत्या म्हणाली. "दुसरे सत्तावीस याचे."

साळुंकीनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी? ज्यांनी आयुष्यात एकोणिसाच्या वर काटा जाऊ दिला नाही, त्या बाबांनी आपल्या हातानं सत्तावीस केले?

बाबा खुर्चीत बसले. हळूहळू बाहेर आलं ते असं. पहिल्या खेपेला आत्यानंच कट केला. त्या दिवशी तो आला, आणि साळुंकी फाटकाशी अर्धा तास बोलत उभी होती, ते बाबांनी खिडकीतून पाहिलं. दोघांनी बारा वर्षांत पहिल्यांदा एकमतानं काही ठरवलं. बारा अंश दोघांनी मिळून केले. आणि तिसऱ्यांदा आत्याच्या खोलीत बाबा स्वतः गेले. चावी फिरवली, आणि बॉयलर किती जास्त जळतोय ते मोजायचं नाही म्हणून घड्याळ उपडं ठेवून बसले.

"अगं, तू दिवसभर त्या जिन्याखाली बसून दुसऱ्यांची वाक्यं बोलतेस," बाबा म्हणाले. "बाहेर आलीस की दमलेली असतेस, गप्प असतेस. फाटकाशी तू तुझं स्वतःचं बोलत होतीस. किती वर्षांनी ऐकलं मी ते. शब्द कळत नव्हते खिडकीतून... पण आवाज तुझा होता."

साळुंकीला रागवायचं होतं. तिनं तोंड उघडलंही. मग ती बाबांच्या खुर्चीच्या हातावर बसली, त्यांच्या कोटाची बटणं काढत राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. आत्या म्हणाली, आता रडून काय होणार, सोमवारी दुकान उघडतं.

*

सोमवारी विक्रेत्यानं सांगितलं की तो आज नगरपालिकेच्या जलतरण तलावावर आहे, तिथला बॉयलर बदलतायत. साळुंकी जवळजवळ धावतच गेली. वाटेत तिनं सगळं पाठ केलं होतं, विराम कुठे घ्यायचा त्यासकट.

तलाव रिकामा होता. पाणी काढलेलं, निळ्या फरशा उघड्या, उंच छत, आणि पलीकडच्या टोकाला पाइपांच्या ढिगाऱ्यात टोपी घातलेली ती ओळखीची पाठमोरी आकृती. त्याला हाक मारावी तर नाव तोंडात येईना. मग ती नुसतं "ऐका ना" म्हणाली, अगदी हळू, आणि त्या रिकाम्या सभागृहानं ते उचलून चारही भिंतींना सांगितलं. ऐका ना... का ना... ना...

तो वळला. पाठ केलेलं सगळं तिच्या डोक्यातून पसार झालं.

"ते बटण मी फिरवलं नव्हतं," ती म्हणाली. "बाबा आणि आत्यानं फिरवलं. पण... प्रत्येक वेळी तुम्ही आलात ना, तेव्हा ज्यानं कुणी फिरवलं त्याचं भलं होवो, असं मी मनात म्हटलं. म्हणून इतका राग आला. केलं नव्हतं, पण... करावंसं वाटत होतं."

तलावानं तेही सगळं पुन्हा म्हणून दाखवलं. बॉयलरच्या खड्ड्यातली ठाकठोक एकदम थांबली. खाली आणखी दोघे कामगार होते हे तिला तेव्हा कळलं. पण आता बाण सुटला होता.

तो पाइपांवरून उड्या मारत कठड्यापर्यंत आला आणि तिच्यासमोर उभा राहिला. हातमोजे काढले. ते कुठे ठेवावे ते सुचेना, म्हणून काखेत धरले.

"मलाही एक सांगायचंय," तो म्हणाला. "ते बिघाड... दुकानातूनच दुरुस्त होण्यासारखे होते. म्हणजे मी जागेवरून बटण दाबलं असतं, की झालं. अर्ध्या मिनिटाचं काम."

तिनं विचारलं, "मग तीनदा आलात कशाला? पाऊण तास सायकल मारत?"

"आठव्या दिवशी तर बर्फ पडत होता," तो म्हणाला, जणू हेच उत्तर आहे. मग मान वर करून त्यानं तिच्याकडे सरळ पाहिलं. "तू दार उघडायचीस म्हणून."

तू. किती लहानसा शब्द. साळुंकीनं तो आजवर हजारो वेळा वाचला होता, रागानं, लाडानं, रडत, कुजबुजत. तो कुणी आपल्याला म्हटला की पुन्हा ऐकावासा वाटतो, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.

"काय?"

"तेच. तू."

त्यानं म्हटलं. भिंतींनी म्हटलं. खड्ड्यातून एक जाड, अनोळखी आवाज आला की बाई, तुम्ही हो म्हणून टाका, आम्हाला पाइप जोडायचाय. दोघं इतकी हसली की सगळा तलाव हसायला लागला. हसता हसताच तिनं त्याच्या काखेतले हातमोजे ओढून घेतले आणि त्याचा गार, काळवंडलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तो म्हणाला, हात मळतील. ती म्हणाली, मळू देत.

सुट्टी किती वाजता होते ते तिनं विचारलं. पाच वाजता, तो म्हणाला. आणि मग भुवया उंचावून, फार गंभीरपणे: "घरी काही बिघडलंय का?"

"काहीही नाही," साळुंकी म्हणाली. "तरी ये."